खेळाच्या तासाची वाटचाल : हुबळी-धारवाडच्या सरकारी प्राथमिक शाळा आणि मैदानावरचा पैसा

हुबळी आणि धारवाड ही वीस किलोमीटरच्या अंतरावरची दोन शहरे १९६२ साली एका महापालिकेखाली आली. त्यांच्या सरकारी शाळा मात्र महापालिकेहून शंभर-सव्वाशे वर्षांनी जुन्या आहेत. धारवाड जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबईच्या कारभारात होता. येथे कोणता विषय शिकवायचा, त्यासाठी किती तास द्यायचे आणि किती पैसा खर्चायचा, हे तोवर मुंबई-पुण्याला ठरत असे. त्यामुळे या जोडशहरातल्या मुलांच्या खेळाच्या तासाची कहाणी निम्मी कर्नाटकाची आणि निम्मी मराठी मुलखाची आहे.

सुरुवातीच्या काळात शाळेत खेळाला जागाच नव्हती. पेशवाईच्या अखेरीस हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. कचेरीची भाषा मराठी राहिली आणि शाळाही पुष्कळशा मराठीच निघाल्या. कन्नड मुलांना कन्नडमधून शिकता यावे म्हणून वॉल्टर इलियट या अधिकाऱ्याने १८३० च्या सुमारास स्वतःच्या खर्चाने शाळा काढली. पुढे डेप्युटी चन्नबसप्पा (१८३४-१८८१) यांनी ते काम जिल्हाभर नेले. या साऱ्या खटपटीचा रोख अक्षर आणि अंक यांवर होता. शरीर कमावण्याची जागा शाळेबाहेर होती. मराठी वस्तीत तिला तालीम म्हणत, कन्नड वस्तीत गरडी. लाल माती, मुद्गल, जोर-बैठका आणि नागपंचमीच्या सुमारास होणाऱ्या कुस्त्या, असा तिचा संसार वस्तीच्या वर्गणीवर चाले. शाळेचा तिच्याशी संबंध नव्हता, आणि पंतोजींना तो असावा असे वाटतही नसे.

पहिला बदल कागदावर झाला. १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाने देशी खेळ, कसरत आणि कवायत यांना शाळांनी उत्तेजन द्यावे, अशी शिफारस केली. १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला आणि प्राथमिक शाळांचा भार लोकल बोर्डांवर आणि नगरपालिकांवर आला. शिफारस एकाची आणि खर्च दुसऱ्याचा, ही व्यवस्था तेव्हापासूनची आहे. बोर्डाच्या तिजोरीतून मास्तरांचे पगार भागवताना ओढाताण होई, तेथे खेळाला काय उरणार? जेथे थोडाफार पैसा निघाला, तेथे तो माणसावर गेला. पलटणीतून निवृत्त झालेला एखादा हवालदार कवायत मास्तर म्हणून नेमला जाई. हुकूम देत तो मुलांना रांगेत उभे करी. या कवायतीत खेळाचा आनंद फारसा नव्हता, हे कबूल करायला हवे. तरी भर दिवसा, शाळेच्या वेळेत, मुलांनी वर्गाबाहेर येऊन हातपाय हलवायचे, ही गोष्ट त्या हवालदारांमुळेच रूढ झाली. नावे न उरलेल्या या माणसांचा वाटा पहिला मानावा लागतो.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हुबळीने या विषयाला स्वतःचे वळण दिले. धारवाडात ७ मे १८८९ रोजी जन्मलेले डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांच्याबरोबर त्यांनी होमरूल लीगचे काम केले आणि १९२१ साली ते परतले. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात त्यांच्याबरोबर गेलेल्या हुबळीच्या स्वयंसेवकांनी तुरुंगात माफी लिहून देण्यास नकार दिला. या शिस्तीची दखल काँग्रेसने घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात काकिनाडा अधिवेशनात स्वयंसेवकांच्या अखिल भारतीय संघटनेचा ठराव झाला. हिंदुस्थानी सेवा दल या नावाने ती उभी राहिली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, संघटनेचा भार हर्डीकरांवर आणि मुख्य कचेरी हुबळीत.

सेवा दलाने कवायत ताब्यात घेतली आणि तिचा धनी बदलला. तीच कवायत, तीच रांग, परंतु हुकूम देणारा पलटणीतला हवालदार राहिला नाही. मुलींच्या बाबतीत तर हुबळीने फारच पुढचे पाऊल टाकले. हर्डीकरांच्या प्रेरणेने निघालेल्या टिळक कन्याशाळेची धुरा उमाबाई कुंदापूर यांनी वाहिली. सेवा दलाची महिला शाखाही त्यांनीच बांधली. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, म्हणजे महात्मा गांधी अध्यक्ष असलेल्या एकमेव काँग्रेस अधिवेशनात, दीडशेच्या आसपास स्वयंसेविका त्यांनी उभ्या केल्या. त्यांत विधवाही होत्या. मुलींनी मैदानात यावे की नाही, यावर घरोघरी वाद चालू असताना हुबळीच्या बायका गणवेशात बंदोबस्त सांभाळत होत्या. १९३२ साली सरकारने दलावर बंदी घातली. उमाबाईंना येरवड्याचा तुरुंग भोगावा लागला. टिळक कन्याशाळा आणि सेवा दल या दोन्हींना सरकारी अनुदान नव्हते. तेथे जे उभे राहिले ते लोकांच्या पैशावर.

याच सुमारास मराठी मुलखात शारीरिक शिक्षणाची पद्धत घडत होती. खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ साली बांधले गेले आणि हुतुतूचे बडोद्यात १९२३ साली. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेल्या आखाड्याचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. या मंडळाने १९२४ पासून व्यायामशिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग चालवले आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने आपले पथक नेऊन देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी त्याच वर्षी व्यायामज्ञानकोशाचा पहिला खंड काढला आणि १९४९ पर्यंत दहा खंड पुरे केले. गावोगावच्या आखाड्यांत तोंडी चालत आलेली विद्या अशा रीतीने लेखी आणि नियमबद्ध झाली. ती मास्तरांना शिकवता येण्याजोगी झाली, हे शाळांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

सरकारी पातळीवर ही विद्या शाळेत आणण्याचे श्रेय दोघांकडे जाते. मुंबई सरकारने १९२७ साली कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा हे काम कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांच्याकडे सोपवले गेले. बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले हे गृहस्थ पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांनी १९२४ साली लोणावळ्याला योगाच्या शास्त्रीय अभ्यासाची संस्था काढली होती. मोठ्या समूहाला एकाच वेळी, साहित्याविना करता येईल असा सांघिक व्यायाम त्यांनी बसवला होता. खेर मंत्रिमंडळाच्याच काळात, १९३८ साली, कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था उघडली. तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ. पुढे १९५७ साली ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याचे प्राचार्यपदही त्यांच्याकडेच गेले. गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक असे तिन्ही विभाग मुंबई प्रांतात असल्याने कांदिवलीचे दार धारवाडच्या शिक्षकांनाही उघडे होते.

प्राथमिक शाळेला यातून काय मिळाले? प्रशिक्षित शिक्षक बहुतेक माध्यमिक शाळांत गेले. प्राथमिक शाळेत गणित आणि भाषा शिकवणाराच खेळ घेणार, हे ठरलेले होते. पण त्याच्या हाती आता काही ठोस आले. लेझीम, डंबेल्स, सांघिक व्यायाम, लंगडी, खो-खो आणि हुतुतू यांचा क्रम त्याला ठाऊक झाला. लेझीम आणि लाकडी डंबेल्स गावच्या सुतार-लोहाराकडून करून घेता येत, बाकीच्याला मैदान आणि आवाज पुरत. खर्च जवळजवळ शून्य होता आणि म्हणूनच ही पद्धत टिकली. आजही उत्तर कर्नाटकातल्या शाळेत स्वातंत्र्यदिनाला लेझीम निघते, तिची पावले कोल्हापूर-सांगलीच्या शाळेतल्या पावलांशी जुळतात.

राज्य पुनर्रचनेने हा धागा तुटला नाही, पण कचेरी बदलली. १९५६ नंतर धारवाडच्या फायली मुंबईऐवजी बंगळूरला जाऊ लागल्या. मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि जुने म्हैसूर अशा वेगवेगळ्या प्रदेशांतून आलेल्या शाळा एका राज्यात आल्या. १९६१ च्या म्हैसूर सक्तीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने त्यांना एका सूत्रात बांधण्याचा प्रयत्न केला. मुंबई-पुण्यात महापालिकेच्या प्राथमिक शाळा असतात. हुबळी-धारवाडला तसे नाही. येथील सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः राज्याच्या शिक्षण खात्याच्या आहेत. याचा परिणाम मैदानावर आजही जाणवतो. शहरातला रस्ता, गटार आणि बाग यांचा पैसा महापालिकेकडे, तर शाळेचा पैसा खात्याकडे. दोन्हींच्या मध्ये पडलेल्या मैदानाचा वाली कोण, हे दर वेळी नव्याने ठरवावे लागते.

पन्नाशी-साठीच्या दशकांत केंद्राच्या योजना एकामागून एक आल्या. त्यांतल्या एकीचा जनक मराठी माणूस होता. सावंतवाडीकडच्या तिरोड्याचे आणि आझाद हिंद सेनेत नेताजींचे सहकारी राहिलेले जनरल जगन्नाथराव भोसले. निर्वासितांच्या मुलांना शिस्त आणि व्यायाम मिळावा म्हणून त्यांनी १९५४ साली दिल्लीत राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. ती देशभर पसरली. योजना इतक्या झाल्या की त्यांची सांगड घालण्यासाठी हृदयनाथ कुंझरू यांची समिती नेमावी लागली. तिच्या शिफारशीतून १९६५ साली राष्ट्रीय तंदुरुस्ती योजना आली. या सगळ्याचा भर वरच्या वर्गांवर होता. पहिली ते चौथीच्या मुलाला यातून क्वचितच काही मिळाले. तीस वर्षे प्राथमिक शाळेचा खेळ शिक्षकाच्या हौसेवर चालला, असे म्हटले तर चूक होणार नाही. हौशी मास्तर असेल त्या शाळेत खो-खोचा संघ तयार होई. नसेल तेथे खेळाच्या तासाला गणिताची उजळणी होई.

प्राथमिक शाळेच्या दारात खेळाचे साहित्य सरकारी खर्चाने पहिल्यांदा येऊन पडले ते खडू-फळा मोहिमेत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ साली ही मोहीम सुरू झाली. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि किमान साहित्य, असे तिचे सूत्र होते. साहित्याच्या यादीत नकाशे, पृथ्वीगोल आणि विज्ञानपेटी यांच्या जोडीला दोरीच्या उड्यांची दोरी, फुटबॉल, व्हॉलीबॉल, रबरी चेंडू, हवा भरायचा पंप, रिंग आणि टायरचा झोका होता. टायरचा झोका यादीत घालणारा अधिकारी मुलांमध्ये वावरलेला असावा. यादी शहाणी होती, पण व्यवहार तसा राहिला नाही. खरेदी वरून झाली आणि शाळेला जे आले ते घ्यावे लागले. आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढली की ती मोडल्यास भरपाई कोणाच्या पगारातून, ही धास्ती असे. चेंडू कपाटात राहिल्याच्या तक्रारी देशभरातून झाल्या. मुलांच्या हाती जायला नको म्हणून जपलेला चेंडू दोन उन्हाळ्यांत आपोआप चिरतो, हे कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागत नाही.

यानंतरचा मोठा बदल वस्तूंचा नव्हता, निर्णय कोणी घ्यायचा याचा होता. नव्वदीच्या दशकात धारवाड जिल्ह्यात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. १९९७ साली गदग आणि हावेरी वेगळे झाले आणि जिल्हा आटोपशीर झाला. एप्रिल २००१ मध्ये कर्नाटक सरकारने शाळा विकास व देखरेख समित्या स्थापन केल्या. येथे सर्वजण त्यांना एसडीएमसी म्हणतात. मुलांचे पालकच या समितीचे सदस्य. शाळेचे अनुदान समितीच्या ठरावाने आणि अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या जोडसहीने खर्च होऊ लागले. बाजारात हमाली करणारा बाप, विणकर, रिक्षाचालक, धुणीभांडी करणारी आई ही माणसे आता चेंडू घ्यायचा की फळा रंगवायचा, यावर मत देऊ लागली. शंभर वर्षांत पहिल्यांदाच.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तेव्हा खेळ हा शाळेच्या अटींत आला. मैदान हवे. प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य हवे. सहावी ते आठवीत शंभरांहून जास्त मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक हवा. परंतु स्वतंत्र लेखाशीर्ष नव्हते. सर्व शिक्षा अभियानातून मिळणाऱ्या शाळा अनुदानात खडू, झाडू, हजेरीपट आणि वीजबिल यांच्या मागे खेळाचा नंबर लागे. शाळा अनुदानाचा माग काढणाऱ्या ‘पैसा’ नावाच्या सर्वेक्षणांनी देशभर दाखवून दिले की ही रक्कम शाळेपर्यंत आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धात पोचते. शाळा जूनच्या तोंडावर उघडते, पैसा दिवाळीनंतर येतो, आणि मार्चअखेर तो संपल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते.

स्वतंत्र लेखाशीर्ष २०१८-१९ साली आले. समग्र शिक्षा योजनेत खेळासाठी वेगळे वार्षिक अनुदान ठरले: प्राथमिक शाळेला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० पर्यंत. रक्कम लहान आहे, पण ती खेळाचीच आहे. ती झाडूकडे वळवता येत नाही, यातच तिची किंमत आहे.

या आकड्यांत एक अडचण दडलेली आहे. अनुदान शाळेला आहे, मुलाला नाही. पंचवीस मुलांच्या कनिष्ठ प्राथमिक शाळेला ५,००० मिळाले तर मुलामागे २०० रुपये पडतात. अडीचशे मुलांच्या शाळेला तेवढेच मिळाले तर २० रुपये. हुबळीच्या दाट वस्तीतल्या उच्च प्राथमिक शाळेत चारशे मुले असतील तर १०,००० चे मुलामागे २५ होतात. समग्र शिक्षेतले संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येप्रमाणे १०,००० पासून १ लाखापर्यंत वाढते, खेळाचे मात्र वाढत नाही. इंग्लंडने २०१३ साली प्राथमिक शाळांसाठी खेळाचा खास निधी सुरू केला. त्याची पुढे ठरलेली रचना अशी: सतरा किंवा अधिक मुले असलेल्या शाळेला १६,००० पौंड आणि शिवाय मुलामागे १० पौंड. शाळेने तो कसा खर्चला, हे जाहीर करण्याचे बंधनही आहे. श्रीमंत देशाच्या रकमेशी बरोबरी करण्यात अर्थ नाही. पण ठरावीक रक्कम अधिक मुलामागे काही, ही मांडणी उचलायला पैसा फारसा लागत नाही.

तेव्हा पाच-दहा हजारांत शाळा काय करते, हे पाहणे महत्त्वाचे. समिती बैठक घेते, ठराव लिहिते, दुकानांचे दर मागवते. २०२१ नंतर पैशाचा मार्गही बदलला. शाळेच्या खात्यात रक्कम पडून राहण्याऐवजी राज्याच्या एका मुख्य खात्यातून खर्चापुरती मर्यादा मिळते. शिल्लक खात्यावर दिसत नाही, त्यामुळे मार्चच्या आत खरेदी उरकण्याची घाई वाढली. घाईत घेतलेल्या खरेदीत क्रिकेटची बॅट हमखास असते. मुलांना ती हवी असते, पालकांनाही ती दिसायला बरी वाटते. पण एका वेळी खेळतात किती? दोघांच्या हाती बॅट, एकाच्या हाती चेंडू आणि बाकीचे उन्हात उभे. खो-खोत एका बाजूचे नऊ जण मैदानात असतात आणि साहित्य म्हणजे दोन खांब आणि फक्की. खांब एकदा रोवले की दहा वर्षे टिकतात. दोरीच्या उड्या, रिंग, लहान आकाराचे चेंडू, लगोरीच्या चकत्या आणि उंच उडीचे स्टँड यांत पाच हजार रुपये सावकाश मुरतात आणि पहिलीच्या मुलालाही काही मिळते. समग्र शिक्षा योजनेने वयाला साजेसे साहित्य आणि स्थानिक खेळ यांवर भर दिला आहे. त्याचा खरा अर्थ मोठ्यांचा फुटबॉल सात वर्षांच्या पायाला देऊ नये, असा आहे.

जमिनीचा प्रश्न निराळाच. धारवाड मलनाडच्या उंबरठ्यावर आहे, तेथे तांबडी माती आणि पाऊस जास्त. हुबळीच्या पुढे काळी रेगड सुरू होते. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. रेगडीवर आखलेले खो-खोचे मैदान मुरूम टाकल्याशिवाय वर्षभर वापरता येत नाही, आणि मुरमाचा खर्च खेळाच्या अनुदानात बसणारा नाही. आसपासच्या खेड्यांत ग्रामपंचायती रोजगार हमीतून शाळेचे मैदान सपाट करून देतात, कुंपण घालून देतात. कर्नाटकात या कामांना चांगली गती मिळाली. शहरातल्या शाळेला ही सोय नाही. त्यामुळे कुंदगोळकडच्या एखाद्या खेड्यातल्या शाळेचे मैदान हुबळीच्या मध्यवस्तीतल्या शाळेपेक्षा चांगले निघावे, यात नवल उरले नाही. शहरात ही उणीव माजी विद्यार्थी, तरुण मंडळे आणि दुकानदार भरून काढतात. कोणी मुरमाची गाडी देतो, कोणी विजयी संघाला गणवेश. अशा देणग्यांची नोंद शाळेच्या फलकावर एका ओळीपुरती राहते. ती ओळ मोठी आहे.

सगळ्यात मोठा खर्च मात्र या अनुदानात धरलेलाच नाही: शिक्षकाचा पगार. कर्नाटकात उच्च प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षकाचे पद पटसंख्या पाहून मिळते. कनिष्ठ प्राथमिक शाळेत ते जवळपास नसतेच. प्रा. एल. आर. वैद्यनाथन समितीने शारीरिक शिक्षकांच्या दर्जाबद्दल आणि नेमणुकीबद्दल अहवाल दिला. तो पूर्णपणे अमलात यावा ही मागणी राज्यातले शारीरिक शिक्षक वर्षानुवर्षे करत आले आहेत. मागणी रास्त आहे. शिट्टी वाजवणारा नसेल तर साहित्य पुन्हा कपाटात जाते, हे खडू-फळा मोहिमेने दाखवले होते. ज्या शाळेत पी.टी.चे सर आहेत, तेथे तेच प्रार्थना घेतात, रांगा लावतात, माध्यान्ह आहाराच्या वेळी गर्दी आवरतात, सहलीला पुढे असतात. खेळाचा तास त्यांना या सगळ्यातून काढावा लागतो.

आहाराचा उल्लेख ओघाने आला, तरी तो येथे हवाच. अक्षर दासोह योजनेतून शाळेत गरम जेवण आले. ऑगस्ट २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेतून दूध आले. सकाळी उपाशी येणाऱ्या मुलाला धावायला लावू नये, हे जुन्या मास्तरांना कळत असे, पण त्यांच्या हाती उपाय नव्हता. स्वयंपाकघरातल्या बायका या वाटचालीच्या भागीदार आहेत, जरी खेळाच्या हिशेबात त्यांचे नाव कोठे नसते.

शाळेबाहेरच्या योजनांचा अनुभव वेगळा आहे. शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातून धावपटू घडवण्यासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाने १९८७ साली खास उपक्रम हाती घेतला. मुले निवडली गेली, पदके आली, आणि काही वर्षांतच उपक्रम बंद पडला. निवडक मुलांना उचलून नेणारी योजना थांबते तेव्हा गावात काही उरत नाही. शाळेचे मैदान कितीही साधे असले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते तेथेच असते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. कर्नाटकात सहावी ते आठवीचे वर्ग ६ सप्टेंबर २०२१ रोजी आणि पहिली ते पाचवीचे २५ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले. दीड वर्षाच्या खंडानंतर परतलेल्या लहान मुलांना रांगेत उभे राहण्याचीही सवय उरली नव्हती. गवत माजलेली मैदाने साफ करून, चेंडूंत हवा भरून, शिक्षकांनी सुरुवात पुन्हा लंगडी आणि पकडापकडीपासून केली.

आज या शाळांचा क्रीडाक्रम ठरून गेला आहे. केंद्र, तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत्या पायऱ्यांनी खात्याच्या स्पर्धा होतात. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, थ्रोबॉल, धावणे, उड्या आणि फेक यांत मुली मुलांच्या बरोबरीने उतरतात. उमाबाईंच्या काळी ज्यावर वाद होता, ते आज वेळापत्रकात छापलेले असते. जिल्हा पातळीच्या सामन्यांसाठी धारवाडचे आर. एन. शेट्टी स्टेडियम आणि हुबळीचे नेहरू स्टेडियम ही नावे मुलांच्या तोंडी आहेत. शिवाय धारवाडचे महत्त्व जिल्ह्यापुरते नाही. बेळगाव विभागातल्या शाळांचा कारभार पाहणारी अपर आयुक्तांची कचेरी येथेच आहे. खानापूर, बेळगाव आणि निपाणीकडच्या सरकारी मराठी शाळांच्या फायलीही या कचेरीशी बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्या मैदानासाठी येणारी रक्कमही तीच, पाच हजार किंवा दहा हजार.

२०२१ साली समग्र शिक्षेची फेररचना झाली, तेव्हा हे आकडे तसेच राहिले. भर पडली ती एका तरतुदीची. ज्या शाळेतल्या किमान दोन विद्यार्थ्यांनी खेलो इंडियाच्या शालेय स्पर्धेत राष्ट्रीय पातळीवर पदक मिळवले असेल, तिला आणखी २५,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. त्या स्पर्धांतले खेळाडू बहुतेक हायस्कूलच्या वयाचे. त्यांना पहिल्यांदा फक्कीच्या रेषेवर उभे करणाऱ्या प्राथमिक शाळेपर्यंत हा पैसा पोचण्याची वाट या तरतुदीत अजून आखलेली नाही.